देऊळ किती जुनं, हे ठरवतात कसं? खापरं, विटा आणि चिऱ्यांची साक्ष

कोकणातल्या कुठल्याही गावच्या देवळाचा रील उघडा. ड्रोनचा शॉट, मागे ढोल-ताशा आणि खाली कॅप्शन: ‘पांडवकालीन मंदिर’, ‘दोन हजार वर्षांपूर्वीचं देवस्थान’, ‘एका रात्रीत बांधलेलं देऊळ’. कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, ‘पुरावा काय?’ आणि पुढचे दोन दिवस भांडण चालतं.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला तालुक्यात शिरोडा, रेडी आणि आरवली ही गावं एकमेकांना लागून आहेत. शिरोड्याची माऊली, आरवलीचा वेतोबा, रेडीचा गणपती ही देवस्थानं मुंबई-पुण्यापासून गोव्यापर्यंतच्या भाविकांना ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दलही असे आकडे फिरत असतात. मग एखाद्या देवळाचं वय नेमकं ठरतं कसं? ते कोण ठरवतं? आणि आज गावोगावी चाललेल्या जीर्णोद्धारात ते ठरवण्याची संधी कशी निसटून जाते? सोप्या भाषेत समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर काय?

देवळाचं वय सांगणारे पुरावे मुख्यतः चार प्रकारचे असतात. पहिला, लिखित पुरावा: शिलालेख, ताम्रपट, नाणी, मुद्रा. दुसरा, वास्तूची शैली: आराखडा, खांब, शिखर, दाराची चौकट. तिसरा, जमिनीखालचे थर आणि त्यात सापडणारी खापरं. चौथा, प्रयोगशाळेतल्या चाचण्या.

यातला एकच पुरावा हातात असेल तर उत्तर बहुधा ‘अमुक ते तमुक शतकाच्या दरम्यान’ असं येतं. दोन-तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की अंदाज पक्का होतो. ‘बरोबर २,१५० वर्षं’ असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो आला कुठून हे विचारायलाच हवं.

आधी हे ठरवा: वय कोणाचं मोजायचं?

‘देऊळ किती जुनं?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार प्रश्न दडलेले असतात. जागा किती जुनी? आज उभी असलेली इमारत किती जुनी? आतली मूर्ती किती जुनी? आणि इथली उपासना किती जुनी? या चौघांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

आरवलीचा वेतोबा हे जवळचं उदाहरण. त्याची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची असे, आता पंचधातूची आहे. म्हणजे मूर्ती नवी, पण देवस्थान तिच्याहून कितीतरी जुनं. आताच्या मूर्तीवरून देवस्थानाचं वय काढायला गेलं तर उत्तर चुकणार.

सिंधुदुर्गात अनेक ठिकाणी सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते. वारूळ हेच देवतेचं रूप असेल, तर भोवतीच्या भिंती कधी बांधल्या यावरून पूजा कधी सुरू झाली ते कळत नाही. भिंतीआधी कित्येक पिढ्या तिथे नारळ ठेवला जात असेल.

याच्या उलटही घडतं. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकात सासष्टी आणि बार्देशमधली अनेक देवळं पाडली गेली. भाविकांनी देव उचलून पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले. रायची कामाक्षी अशीच फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याला आली. तिथे देवीची परंपरा आधीची आणि नव्या जागेवरचं देऊळ नंतरचं.

म्हणून ‘आमचं देवस्थान प्राचीन आहे’ आणि ‘ही इमारत तीनशे वर्षांची आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. इमारतीचं वय कमी निघालं म्हणून श्रद्धेचा अपमान होत नाही. भांडणं होतात ती या चार प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे.

दोन शिरोडे आणि एक ताम्रपट

आता एक गंमत पाहा. इतिहासाच्या पुस्तकांत ‘शिरोडा ताम्रपट’ असा उल्लेख येतो. भोज घराण्यातल्या देवराज राजाचं ते दानपत्र आहे. ते चंद्रपूर इथून, म्हणजे आजच्या गोव्यातल्या चांदरहून दिलेलं आहे. त्यावर आजच्यासारखं साल नाही. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासकांनी ते साधारण चौथ्या शतकाच्या आसपासचं मानलं आहे.

पण हा शिरोडा गोव्यातला, फोंडा तालुक्यातला. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याशी या ताम्रपटाचा संबंध नाही. नाव सारखं असल्यामुळे ‘आमच्या शिरोड्याचा चौथ्या शतकातला पुरावा’ असं कुणी लिहिलं, तर एका क्षणात गावाच्या खात्यात सोळाशे वर्षं चुकीची जमा होतात.

ताम्रपटाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. तांब्याचा पत्रा उचलून कुठेही नेता येतो. तो जिथे सापडला तिथेच लिहिला गेला असेल असं नाही. देवळाच्या भिंतीत मूळच्या जागी कोरलेला शिलालेख मात्र त्या भिंतीशी बांधलेला असतो. अंबरनाथच्या शिवमंदिराचं उदाहरण घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे. शक संवतात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणजे १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं हे देऊळ, म्हणून ठामपणे सांगता येतं.

सगळीच देवळं इतकी नशीबवान नसतात. बहुसंख्य देवळांवर एक अक्षरही नसतं. तेव्हा मातीकडे वळावं लागतं.

खापराला एवढं महत्त्व का?

सोनं वितळवून नवा दागिना करतात. तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात. लाकूड वाळवी खाते. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्याची माती आम्लधर्मी असते. अशा मातीत हाडंसुद्धा फार काळ टिकत नाहीत, लोखंड गंजून जातं.

भाजलेल्या मातीचं मडकं मात्र फुटतं, पण संपत नाही. फुटलेलं मडकं कुणी जपून ठेवत नाही आणि चोरतही नाही. ते परसात, उकिरड्यावर किंवा पायाच्या भरावात पडतं आणि हजारो वर्षं तिथेच राहतं.

दुसरं कारण म्हणजे मडक्यांची फॅशन बदलते. आजीच्या घरातली पितळी घागर, नंतरची स्टीलची कळशी आणि आताची प्लॅस्टिकची बादली यांचे फोटो समोर ठेवले तर कुठला फोटो कधीचा हे बऱ्यापैकी सांगता येतं. पुरातत्त्वज्ञ तेच करतात. मडक्याच्या काठाची वळण, माती किती मळलेली, चाकावर घडवलेलं की हाताने, भाजणी कशी, वरची झिलई कोणती, नक्षी कोणती, यावरून खापरांचे गट पाडतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमधल्या थडग्यांत मिळालेल्या मडक्यांचा क्रम लावून ही पद्धत नावारूपाला आणली. पुढे जगभर ती वापरली गेली.

थर वाचायचे म्हणजे काय?

जमीन वरून खाली खणत गेलं की काळ मागे मागे जातो. वरचा थर नवा, खालचा जुना. घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यासारखंच: आजचा पेपर वर, गेल्या महिन्याचा खाली. मात्र मध्ये कुणी खड्डा खणला असेल, उंदीर-घुशींनी बिळं केली असतील किंवा झाडाची मुळं गेली असतील तर क्रम बिघडतो. म्हणूनच उत्खननात चौकोनी खड्डे घेतात, कडा सरळ ठेवतात आणि मातीचा रंग, पोत बदलला की तिथे नवा थर म्हणून नोंद करतात. प्रत्येक खापर कुठल्या खड्ड्यातल्या कुठल्या थरात मिळालं हे पिशवीवर लिहितात. ही चिठ्ठी हरवली तर खापराची साक्षही गेली.

देवळाचं वय काढताना सगळ्यात मोलाची जागा म्हणजे पाया. पाया घालण्यासाठी आधी चर खणतात, दगड बसवतात आणि उरलेल्या फटीत माती भरतात. त्या भरावात जी खापरं सापडतात त्यातलं सगळ्यात नवं खापर महत्त्वाचं. कारण देऊळ त्या खापराच्या आधीचं असूच शकत नाही.

हे कोकणी उदाहरणाने पाहू. मंगलोरी कौलं बनवायला सुरुवात झाली १८६५ मध्ये, मंगळूरच्या बासल मिशनच्या कारखान्यात. समजा, एका देवळाच्या पायाच्या अगदी तळाशी, न ढवळलेल्या भरावात मंगलोरी कौलाचा तुकडा मिळाला. तर तो पाया १८६५ नंतरचाच. वर कितीही जुनाट दिसणारा खांब उभा असला तरी या निष्कर्षात फरक पडत नाही. खांब दुसऱ्या, जुन्या देवळातून आणून बसवलेला असू शकतो.

उलट नियम मात्र लागू होत नाही. पायाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर मिळालं म्हणून देऊळ दोन हजार वर्षांचं होत नाही. त्या जागी तेव्हा वस्ती होती एवढंच त्यावरून कळतं. त्या पडीक जागेवर हजार वर्षांनी कुणीतरी देऊळ बांधलं असू शकतं. व्हायरल दाव्यांमध्ये सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

पण खापराची तारीख मुळात येते कुठून?

खापरावर साल छापलेलं नसतं. ते साल शेजारच्या वस्तूंकडून उसनं घ्यावं लागतं. एकाच थरात राजाचं नाव असलेलं नाणं आणि विशिष्ट प्रकारचं खापर वारंवार सापडू लागलं की त्या खापराचा काळ कळतो. मग नाणं नसलेल्या दुसऱ्या गावातही ते खापर तारीख सांगू लागतं.

परदेशी भांडी इथे फार कामाला येतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू इथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं. तिथे इटलीत बनलेली तांबडी, चकचकीत भांडी आणि दारू-तेल वाहून आणणारे उंच रोमन कुंभ मिळाले. इटलीतली ती भांडी कधीची हे आधीच माहीत होतं. त्यांच्यासोबत त्याच थरात मिळालेल्या भारतीय भांड्यांना त्यामुळे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांचा आधार मिळाला.

सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावरच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती आणि त्यानंतरचे थर तिथे स्पष्ट दिसले. ब्रह्मपुरीतून मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती आजही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनांच्या काळात समुद्रापलीकडचा माल घाट चढून वर येत होता, हे यातून दिसतं.

किनाऱ्यावर आणखी एक साक्षीदार भेटतो: चिनी मातीची निळी-पांढरी भांडी. ही भांडी चौदाव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर बनू लागली आणि सागरी व्यापारातून आशियाभर पसरली. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती, म्हणजे या किनाऱ्यावर परदेशी गलबतं येत-जात होतीच. देवळाच्या आवारात असा निळ्या नक्षीचा तुकडा दिसला तर तो कचरा नसून तारीख सांगणारा कागद असू शकतो.

वास्तूवरून वय कसं कळतं?

खापर जमिनीखाली बोलतं, वास्तू जमिनीवर. देवळाचा आराखडा चौकोनी की तारकाकृती, शिखर कोणत्या पद्धतीचं, खांबावर कोणती नक्षी, गाभाऱ्याच्या दाराला किती शाखा, या गोष्टी काळानुसार बदलत गेल्या. ज्यांच्या तारखा शिलालेखामुळे पक्क्या आहेत अशी देवळं खुणेचे दगड धरायची आणि बाकीच्यांची त्यांच्याशी तुलना करायची, अशी ही पद्धत आहे. अंबरनाथ हा असाच एक खुणेचा दगड.

यात मोठा घोळ घालणारा शब्द म्हणजे ‘हेमाडपंती’. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुना न वापरता, घडवलेले दगड एकमेकांत अडकवून बांधलेलं देऊळ दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. पण अंबरनाथचं देऊळ हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचं आहे आणि बांधणी तशीच, चुन्याशिवाय. म्हणजे ‘हेमाडपंती’ हे बांधकामाच्या पद्धतीचं लोकप्रिय नाव आहे, तारखेचा पुरावा नाही.

शैलीची दुसरी अडचण म्हणजे ती गावात उशिरा पोहोचते आणि उशिरापर्यंत टिकते. राजधानीत मागे पडलेली नक्षी आडबाजूच्या गावातला कारागीर पुढे शंभर वर्षं कोरत राहू शकतो. शिवाय आजही जुन्या शैलीत नवं देऊळ बांधता येतंच. म्हणून नुसत्या शैलीवरून शतक सांगता येतं, वर्ष नाही.

तेर: एकाच गावात दोन्ही पुरावे

खापर आणि वास्तू एकत्र वाचायची असतील तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावं लागतं. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन ‘तगर’. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं त्याचं वर्णन येतं. तिथलं कापड भडोच बंदरात जात असे.

तेरच्या मातीतून सातवाहन काळातली खापरं, मातीच्या बाहुल्या, मणी आणि रोमन व्यापाराच्या खुणा भरपूर मिळाल्या. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती खास प्रसिद्ध आहे. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्यामुळे तिथली मूर्ती ७९ च्या आधीची, हे नक्की. साहजिकच तेरच्या मूर्तीचा काळही त्याच्या आसपास नेता येतो.

याच तेरमध्ये त्रिविक्रमाचं देऊळ आहे. ते विटांचं आहे. मागची बाजू अर्धगोल, छत उलट्या होडीसारखं कमानदार. कार्ले-भाजे इथल्या चैत्यगृहांची आठवण व्हावी असा हा आकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी त्याची पाहणी केली आणि हे मूळचं बौद्ध चैत्य असावं, असं मत मांडलं. आंध्रातल्या चेझर्ला इथल्या कपोतेश्वर मंदिराचा आकारही असाच आहे. पण अर्धगोल आराखडा फक्त बौद्धांचाच असतो असं नाही, म्हणून काही अभ्यासकांनी ते सुरुवातीपासून हिंदू देऊळ मानलं. समोरचा मंडप नंतरचा आणि आतली त्रिविक्रमाची मूर्तीही मूळ वास्तूच्या नंतरची.

इथे मघाचे चार प्रश्न पुन्हा लावून पाहा. गाव: दोन हजार वर्षांहून जुनं, हे खापरं सांगतात. वास्तू: जुनी, पण तिच्या काळाबद्दल आणि मूळ धर्माबद्दल मतभेद. मंडप आणि मूर्ती: त्यानंतरच्या. ‘तेरचं देऊळ किती जुनं?’ याचं एका आकड्यात उत्तर देणारा माणूस यातल्या निदान तीन गोष्टी लपवत असतो. शहरात सातवाहन खापरं मिळाली म्हणून देऊळ आपोआप सातवाहन होत नाही, हेही तेरच शिकवतं.

मनसर आणि चांदर: विटांखालचे राजे

नागपूरजवळ रामटेकच्या वाटेवर मनसर आहे. तिथल्या हिडिंबा टेकडीवर जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्खनन केलं. मातीखालून विटांचं भव्य बांधकाम निघालं. काहींनी त्यात बौद्ध वास्तू पाहिली. हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने बांधलेलं प्रवरेश्वर शिवमंदिर असल्याचं मांडलं. प्रवरसेन पाचव्या शतकातला. या मांडणीला बळ मिळालं ते तिथल्या मातीच्या मुद्रांमुळे, ज्यांवर प्रवरेश्वराचं नाव आहे. विटांवरून अंदाज आला, पण नाव लिहिलेल्या इवल्याशा मातीच्या गोळीने तो भक्कम केला.

शिरोड्याहून जवळचं उदाहरण गोव्यातल्या चांदरचं, म्हणजे शिरोडा ताम्रपटातल्या चंद्रपूरचं. १९२९ मध्ये फादर हेन्री हेरास यांनी तिथे खोदकाम केलं. जुन्या शिवमंदिराचा विटांचा पाया आणि मस्तक तुटलेला दगडी नंदी तिथे आहे. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तिथे उत्खनन केलं. जांभ्याच्या मुलुखात विटांचं देऊळ ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. सातवाहन आणि त्याला लागून येणाऱ्या काळात विटा आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असत, म्हणून विटेची लांबी-रुंदी-जाडी हाही काळाचा एक पुरावा ठरतो. अर्थात जुन्या विटा काढून नव्या भिंतीत वापरल्या जातात, हे विसरून चालत नाही.

‘कार्बन डेटिंग करून टाका की!’

कमेंटमध्ये हमखास येणारी सूचना. पण कार्बन डेटिंग दगडावर होत नाही. ते जे कधीकाळी जिवंत होतं त्यावरच होतं: कोळसा, लाकूड, धान्य, हाड. जीव मेला की त्यातला कार्बन-१४ कमी होऊ लागतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेल्या प्रमाणावरून काळ मोजतात. दगडाचं वय काढलं तरी ते खडक कधी तयार झाला याचं असेल. चिरा खाणीतून कधी काढला, याच्याशी त्याचा संबंध नाही.

विटा आणि खापरांसाठी ‘थर्मोल्युमिनसन्स’ नावाची वेगळी चाचणी आहे. माती शेवटची भट्टीत तापली त्यानंतर किती काळ गेला, हे त्यातून कळतं. दोन्ही चाचण्यांची उत्तरं कमी-जास्त वर्षांच्या फरकासह येतात. आणि नमुना कुठल्या थरातला हे माहीत नसेल तर महागड्या चाचणीचाही उपयोग नाही. शेकडो वर्षं जुनी तुळई नव्या देवळात बसवली असेल, तर चाचणी झाडाचं वय सांगेल, देवळाचं नाही.

मग शिरोडा-रेडीचं काय?

या परिसराच्या प्राचीनतेचा चांगला लिखित पुरावा आहे, पण तो गावाबद्दलचा. बदामीच्या चालुक्य राजा मंगलेशाने ‘रेवतीद्वीप’ जिंकल्याचा उल्लेख ऐहोळेच्या शिलालेखात आहे. तो लेख इसवी सन ६३४-३५ चा. शके ५३२ चा, म्हणजे ६१० च्या सुमाराचा एक ताम्रपट गोव्यात मिळाला. तो रेवतीद्वीपातून कारभार पाहणाऱ्या सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मन याचा आहे. रेवतीद्वीप म्हणजे आजची रेडी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी इथे सत्तेचं महत्त्वाचं ठाणं होतं.

पण यावरून रेडी किंवा शिरोड्यातलं कुठलंही उभं देऊळ सातव्या शतकातलं ठरत नाही. त्यासाठी त्या त्या देवळाच्या पायाची, चिऱ्यांची आणि मातीची साक्ष हवी.

१९७६ मध्ये रेडीच्या खाण परिसरात गणपतीची भव्य द्विभुज मूर्ती उघडी झाली. एका ट्रकचालकाला दृष्टान्त झाला आणि मग खोदकाम केलं, अशी कथा तिथे सांगितली जाते. आज हे मोठं श्रद्धास्थान आहे. मूर्तीला दोनच हात आहेत म्हणून ती फार प्राचीन, असं म्हटलं जातं. हातांची संख्या हा शैलीचा एक धागा आहे, पण एकट्या धाग्यावर शतक टांगता येत नाही. जमिनीतून मूर्ती वर येते तेव्हा तिच्यावर आणि भोवती असलेली मातीही तितकीच बोलकी असते.

कोकणात जांभ्यामुळे काम आणखी अवघड होतं. जांभ्यात काळ्या दगडासारखं बारीक कोरीवकाम होत नाही, म्हणून शैलीच्या खुणा कमी. चिरे सहज काढून पुन्हा लावता येतात, म्हणून एकाच भिंतीत तीन काळांचे चिरे असू शकतात. छप्पर लाकूड आणि कौलांचं, ते दर काही वर्षांनी बदलावंच लागतं. दगड कमी बोलतो तिथे खापरांवरचा भार वाढतो.

जीर्णोद्धारात नेमकं काय हरवतं?

गाव एकत्र येतं, मुंबईकर वर्गणी पाठवतात, जुनं देऊळ उतरवून नवं बांधायचं ठरतं. त्यात गैर काही नाही. गळकं छप्पर आणि खचलेली भिंत घेऊन कुणी बसून राहावं असं म्हणता येणार नाही. देवळं पूर्वीही पुन्हा पुन्हा बांधली गेलीच.

फरक यंत्राचा आहे. पूर्वी पाया पिकाव-फावड्याने मोकळा व्हायचा. आता जेसीबी एका दुपारी पूर्ण जोतं उखडतो आणि माती डंपरमधून भरावाला जाते. त्या मातीत गावाच्या इतिहासाचे सगळे थर असतात. मूर्ती जपली जाते, जुना खांब कोपऱ्यात ठेवला जातो, पण खापरं मातीबरोबर जातात. मग पुढे कितीही तज्ज्ञ आणले तरी ‘किती जुनं?’ याचं उत्तर मिळत नाही.

काळजीपूर्वक काम करता येतं, याचं उदाहरण गोव्यातच आहे. साळावली धरणामुळे कुर्डी गाव पाण्याखाली जाणार होतं. तेव्हा तिथलं जांभ्याचं महादेव मंदिर एकेका चिऱ्याला क्रमांक देऊन उतरवलं आणि दुसरीकडे जसंच्या तसं उभं केलं.

प्रत्येक गावाला एवढं जमणार नाही. पण पुढच्या गोष्टींना फारसा खर्च नाही:

- काम सुरू करण्याआधी देवळाचे आतून-बाहेरून फोटो आणि मोजमापं घ्या. फोटोत मोजपट्टी ठेवा.
- पाया खणण्याआधी राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. कोकणासाठी त्यांचं विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे.
- जोत्याभोवतीची माती शक्यतो हाताने काढा. मातीचा रंग बदलला की थांबून फोटो घ्या.
- खापरं, विटा, नाणी मिळाली तर किती खोलीवर, कुठल्या कोपऱ्यात मिळाली ते पिशवीवर लिहा. घासूनपुसून चकचकीत करू नका.
- अक्षरं असलेला दगड भिंतीत उलटा बसवू नका, त्यावर ऑइल पेंट मारू नका.

कायदाही माहीत असू द्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, शिलालेख यांसारख्या वस्तू ‘पुरावस्तू’ ठरतात. त्यांची परस्पर विक्री करता येत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

१. हे वय कोणाचं सांगितलंय? जागेचं, इमारतीचं, मूर्तीचं की उपासनेचं?

२. पुरावा कोणता? लेख, शैली, खापर की चाचणी? की नुसतं ‘असं म्हणतात’?

३. पुरावा याच देवळाच्या मातीतला किंवा भिंतीतला आहे, की गावात दुसरीकडे, किंवा त्याच नावाच्या दुसऱ्याच गावात मिळालेला?

४. उत्तर ‘अमुक ते तमुक’ असं आहे की एकच गोल आकडा?

५. दुसऱ्या कुठल्या पुराव्याशी ते जुळतं का?

पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाली तर बिनधास्त शेअर करा. आणि गावच्या ग्रुपवर देवळाच्या कामाचा विषय निघाला असेल, तर जेसीबी येण्याआधी एवढंच विचारा: जोत्याचे फोटो कुणी काढलेत का?